तुआहा दे दानन : आयर्लंडचे देव म्हणायचे की माणसं?

काजवा

नमस्कार मंडळी. आम्हाला डब्लिनला येऊन सहा वर्षं झाली, लेक आता तिसरीत आहे. मागच्या आठवड्यात तिच्या बाईंनी वर्गात लिरच्या मुलांची गोष्ट सांगितली. सावत्र आई ईफा चार भावंडांना डेरावारा तळ्यावर नेते, आंघोळीला पाण्यात उतरवते आणि त्यांचे हंस करून टाकते. ३०० वर्षं त्या तळ्यावर, ३०० मॉयलच्या गारठलेल्या समुद्रात आणि ३०० पश्चिमेच्या एका बेटापाशी.

शनिवारी तिला स्मृतिउद्यानातलं या मुलांचं शिल्प दाखवायला नेलं. माणसं कोसळताहेत आणि त्यांच्यातूनच हंस वर उठताहेत, असं मोठं शिल्प आहे. बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आई, लिर देव होता ना? मग त्याला शाप का नाही काढता आला?"

मला उत्तर देता आलं नाही. लिर हा तुआहा दे दानन या लोकांपैकी, एवढं माहीत होतं. वाचायला बसले तर एके ठिकाणी ते देव, दुसरीकडे आयर्लंडचे जुने राजे, तिसरीकडे टेकडीखाली राहणारे परीलोक. नक्की कोण? इथे जाणकार आहेत म्हणून विचारते.

चकली

विषय आवडला. कोपऱ्यात जागा धरून बसलेय, कोणीतरी पहिल्यापासून सांगा.

वहीवाला

काजवाताई, गोंधळ तुमचा नाही, तो पोथ्यांतच आहे. या कथा ज्यांनी लिहून ठेवल्या ते ख्रिस्ती मठांत शिकलेले लोक होते. ११व्या शतकात 'लेबर गबाला' नावाचा ग्रंथ आकाराला आला, म्हणजे आयर्लंड काबीज करण्याचं पुस्तक. त्यात बेटावर एकामागून एक सहा लोकसमूह येतात. पहिली केसर, ही चक्क नोहाची नात, प्रलयाच्या ४० दिवस आधी पोचते. मग पार्थोलोन, मग नेमेद, मग फिर बोल्ग, मग तुआहा दे दानन आणि शेवटी स्पेनकडून आलेले मीलचे पुत्र, म्हणजे आजच्या आयरिश लोकांचे पूर्वज. बायबलच्या इतिहासात आपलं बेट बसवायचं होतं, तिथे देवांना जागा कुठली? मग देवांचे राजे झाले. त्यांना जन्म मिळाला, वंशावळ मिळाली आणि मरणही मिळालं.

पण मुळात ते देवच होते याच्या खुणा आयर्लंडच्या बाहेर सापडतात. तुआहा दे दाननांचा हात तुटलेला राजा नुआदा घ्या. इंग्लंडमध्ये लिडनी इथे रोमन काळातलं नोडेन्स देवाचं देऊळ खणून निघालंय, तिथे लोकांनी वाहिलेल्या कुत्र्यांच्या लहान मूर्ती मिळाल्या. नोडेन्स आणि नुआदा हे एकच नाव. फ्रान्समधल्या ल्यों शहराचं रोमन नाव लुग्दुनुम, त्यातला लुग म्हणजे तुआहा दे दाननांपैकीच एक, लू, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ज्याचं देऊळ बांधतात, ज्याला नवस बोलतात, तो नुसता राजा कसा असेल?

मला त्या लिहिणाऱ्यांबद्दल मात्र माया वाटते. १२व्या शतकातल्या लेन्स्टरच्या पोथीत 'टाइन' ही मोठी युद्धकथा आहे. तिच्या शेवटी आयरिशमध्ये आशीर्वाद आहे, जो हे असंच्या असं पाठ ठेवील त्याचं कल्याण होवो. आणि खाली लगेच लॅटिनमध्ये लिहिलंय, मी हे उतरवलं खरं, पण यातल्या पुष्कळ गोष्टींवर माझा विश्वास नाही. विश्वास नव्हता तरी एकेक ओळ जपून उतरवली. त्यांनी कंटाळा केला असता तर आज आपल्या हाती काय उरलं असतं?

चकली

नोहाची नात एकदम भारी. तिच्याबरोबर कोण कोण होतं?

वहीवाला

५० बायका आणि ३ पुरुष. त्यातले दोघे वारले, तेव्हा तिसरा, फिंतन, सगळ्यांना सोडून पळाला. प्रलयात तोच वाचला. आधी सामन मासा, मग गरुड, मग ससाणा होऊन ५५०० वर्षं जगला आणि पुढच्या लोकांना बेटाचा सगळा इतिहास सांगत राहिला.

चकली

५० जणींच्या तावडीतून सुटलेला माणूस ५५०० वर्षं जगणारच!

सागरलाट

एवढी चर्चा कशाला? ऋग्वेदात वृत्राची आई दानु. तिचे ते दानव. तुआहा दे दानन म्हणजे दानूची प्रजा. आपलेच लोक पश्चिमेला गेले, सरळ आहे.

शब्दखूण

@सागरलाट, इतकं सरळ नाही. जुन्या पोथ्यांत 'दानन' हे षष्ठीचं रूप येतं. 'दानू' हे नाव त्यावरून अभ्यासकांनी मागाहून उभं केलं. शिवाय सर्वांत जुन्या मजकुरात नुसतं 'तुआह दे' आहे, देवाचे किंवा देवांचे लोक. अडचण अशी झाली की मठांतले लेखक बायबलमधल्या इस्रायली लोकांनाही हेच शब्द वापरत. म्हणून वेगळं ओळखू यावं यासाठी पुढे 'दानन' जोडलं गेलं, असा एक चांगला तर्क आहे. त्या एका नावावर सबंध स्थलांतर उभं करता येणार नाही.

नातं मात्र आहे, आणि ते यापेक्षा कितीतरी गोड आहे. ते भाषेत आहे. गायीला आयरिशमध्ये 'बो', राजाला 'री', देवाला 'दिआ'. संस्कृतातले गो, राजन्, देव यांची ही सख्खी भावंडं. जुन्या आयरिशमध्ये 'देस' म्हणजे उजवा, आणि 'देस' म्हणजेच दक्षिण दिशा. आपल्या 'दक्षिण' शब्दाचेही हेच दोन अर्थ, कारण दोन्हीकडे माणूस उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभा आहे. मग उजवा हात कुठे येतो बघा. तिथेही पवित्र विहिरीला उजवीकडून फेरी घालायची असते, थेट प्रदक्षिणा. कोणी कोणाकडे गेलं म्हणून हे झालं नाही. दोघांची पणजी एक, एवढंच.

उलटी फेरी घातली की काय होतं तेही सांगतो. बोअन नावाची देवी होती, नावाचा अर्थ पांढरी गाय. नेख्तनच्या विहिरीपाशी फक्त ठरावीक लोकांनी जायचं, असा नियम होता. ही गेली आणि डावीकडून तीन फेऱ्या घातल्या. विहीर उसळली, तिचा एक डोळा, एक हात, एक मांडी गेली. ती समुद्राकडे धावत सुटली आणि पाणी तिच्या मागे. तीच आजची बॉइन नदी.

सागरलाट

@शब्दखूण, दक्षिणेचं माहीत नव्हतं. मुद्दा मान्य, मी घाई केली. तरी दानु आणि दानन हा योगायोग मनातून जात नाही.

बांधावरून

राम राम. मी सांगली जिल्ह्यातला, शेती आणि चार म्हशी. माझा भाचा कॉर्कला असतो, त्याच्यामुळे हा नाद लागला. इथे राजे-देव चाललंय, पण माझ्या डोक्यात ब्रेसचा किस्सा बसलाय, तो सांगतो.

नुआदाचा हात लढाईत तुटला. अंगात व्यंग असलेला राजा चालत नाही, म्हणून ब्रेसला गादीवर बसवलं. आई तुआहा दे, बाप फोमोरी. फोमोरी म्हणजे समुद्राकडचे जुलमी लोक. नेमेदच्या माणसांकडून त्यांनी दर वर्षी धान्याचा, दुधाचा आणि पोरांचाही दोन तृतीयांश वाटा वसूल केलेला. ब्रेस दिसायला देखणा, पण हाताचा आखडू. त्याच्याकडून जेवून येणाऱ्यांच्या सुऱ्यांना चरबीचा ओशटपणा नसायचा, असं पोथीत लिहिलंय. ओग्मासारखा पहिलवान सरपण वाहतोय, दाग्दासारखा थोर देव खंदक खणतोय. एक दिवस कवी दारात आला. त्याला अंधारी खोली, ना शेकोटी ना अंथरूण, आणि ताटलीत तीन कोरड्या भाकऱ्या. कवी सकाळी उठला आणि चार ओळींत राजाची अब्रू काढली. आयर्लंडमधलं ते पहिलं निंदाकाव्य. तिथून ब्रेसची गादी डळमळली. पाहुण्याला कोरडी भाकरी घालणारा राजा टिकत नाही, हे आमच्या गावातही कोणी सांगेल.

पुढे फोमोरींबरोबरच्या मोठ्या लढाईत ब्रेस हरतो आणि लूच्या तावडीत सापडतो. म्हणतो, मला सोडा, तुमच्या गायी कायम दुधावर राहतील. हे म्हणतात, गायीचं वय आणि तिचं विणं तुझ्या हातात आहे का? नाही ना, मग नको. मग म्हणतो, वर्षाला चार पिकं देतो. तेही नको. वसंतात नांगरट आणि पेरा, उन्हाळ्याच्या तोंडी दाणा भरतो, शरदात कापणी, थंडीत खायचं, आमचं बरं चाललंय. अहो, चार पिकं नाकारली! शेवटी त्याला विचारतात, नांगरावं कधी, पेरावं कधी, कापावं कधी, एवढं सांग आणि जा. तो सांगतो, तिन्ही मंगळवारी. सुटला.

आमच्याकडे सोमवारी बैल जुंपत नाहीत. मंगळवार वाचला तेव्हा आज्याची आठवण झाली. ही गोष्ट सांगणारा माणूस बांधावर उभा राहिलेला होता, माझी खात्री आहे.

चकली

बांधावरून दादा, तुम्ही वेगळा धागा काढाच. आणि लू कोण ते राहिलं की.

वहीवाला

लू तारा या राजधानीच्या दाराशी येतो. द्वारपाल विचारतो, काय येतं? सुतारकाम येतं. सुतार आहे आमच्याकडे. लोहारकाम? आहे. वीणा, शस्त्र, कविता, जादू, वैद्यकी, प्रत्येकाला उत्तर एकच, तो आहे आमच्याकडे. शेवटी लू म्हणतो, राजाला विचार, हे सगळं येणारा एकच माणूस आहे का? दार उघडतं.

त्याच्या आईचा बाप म्हणजे फोमोरींचा बॅलर. त्याच्या एका डोळ्याची पापणी उचलायला चार माणसं लागत आणि ती उघडली की समोरचं सैन्य गारद. लूने गोफणीचा दगड असा मारला की तो डोळा डोक्याच्या मागच्या बाजूने बाहेर गेला आणि बॅलरचंच सैन्य त्याच्या नजरेखाली आलं.

लोककथेत याची आधीची गोष्ट आहे, टोरी बेटावरची. नातू तुला मारील असं भाकीत होतं, म्हणून बॅलर मुलीला बुरुजात कोंडतो. तिला तिळे होतात, तो त्यांना समुद्रात बुडवायला पाठवतो आणि एक वाचतो.

सागरलाट

कंस! हे तरी म्हणू द्या.

शब्दखूण

म्हणा की. मलाही तोच आठवला. ग्रीकांच्या पर्सियसचीही गोष्ट जवळपास हीच.

निर्गुडी

मी वैद्य आहे, त्यामुळे मला या सगळ्यात दीअन केख्तची कथा बोचते. तो त्यांचा वैद्य. नुआदाला त्याने चांदीचा हात बसवला, बोटं हलतात असा. त्याचा मुलगा मीअख म्हणाला, यापेक्षा चांगलं करता येईल. तोडलेला खरा हात आणला, 'सांध्याला सांधा, शिरेला शीर' असा मंत्र म्हणत नऊ दिवसांत जोडून दाखवला. बापाला ते सहन झालं नाही. त्याने पोराच्या डोक्यात तलवार घातली. पोराने स्वतःची जखम भरून काढली. दुसरी, तीही भरली. तिसरी, तीही. चौथ्या घावाला मेंदूच कापला.

मीअखच्या थडग्यावर ३६५ वनस्पती उगवल्या, त्याच्या शरीरातल्या सांध्यांइतक्या आणि शिरांइतक्या. बहीण एर्मेदने आपला शालू जमिनीवर पसरला आणि कुठली वनस्पती कुठल्या दुखण्याची, तशी एकेक ओळीने मांडली. तेवढ्यात बाप आला आणि सगळी सरमिसळ करून टाकली. म्हणून आज कोणालाच सगळ्या वनस्पतींचे गुण ठाऊक नाहीत.

माझ्या आजोबांच्या खोलीत जमिनीवर जुनेर अंथरून वाळत घातलेल्या मुळ्या असायच्या. ओलांडून जायचं नाही, अशी ताकीद. एर्मेदचा तो शालू मी त्याच खोलीत अंथरलेला बघते. विद्या मेली ती अज्ञानामुळे नाही, मत्सरामुळे, असं हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने लिहून ठेवलंय. त्या बापाला मी माफ करू शकत नाही.

वहीवाला

निर्गुडीताई, तोच दीअन केख्त पुढे मोठ्या लढाईत विहिरीवर मंत्र म्हणून मेलेल्या योद्ध्यांना उठवतो, आणि त्या वेळी शेजारी एर्मेद उभी असते.

निर्गुडी

ती उभी राहिली हा तिचा मोठेपणा.

गारवा

मी क्लेअरमध्ये राहते. तुम्ही सगळे पोथीतलं सांगताय, मी रस्त्यावरचं सांगते. इथे शेताच्या मध्यात एकटं हॉथॉर्नचं झाड दिसलं, तर ते कोणी तोडत नाही. ते 'शी'च्या लोकांचं. मीलचे पुत्र जिंकले आणि तुआहा दे जमिनीखाली, टेकड्यांत राहायला गेले, ती टेकडी म्हणजे शी. बॅन्शी हा शब्दही तिथलाच, टेकडीतली बाई. १९९९ मध्ये इथल्या लाटून गावाजवळ मोठ्या रस्त्याच्या आखणीत असंच एक झाड आलं. एका लोककथाकाराने जाहीर विरोध केला, बातमी जगभर गेली, आणि शेवटी झाड राखून रस्ता काढला. मी त्याच रस्त्याने कामाला जाते. कुंपणाच्या आत ते अजून आहे. अंगाने वाकडं, मे महिन्यात पांढरं शुभ्र.

आमच्या शेजारच्या आजी म्हणतात, "मी मानत नाही, पण ते आहेत." हे वाक्य मी वर्षभर घोळवतेय.

आणखी एक. ब्रिजिड ही दाग्दाची लेक, कवींची देवी. तिच्या दोन बहिणी, नावं तीच, एक वैद्यकीची आणि एक लोहारकामाची. त्याच नावाची किलडेअरची संत, तिचा सण १ फेब्रुवारी, म्हणजे इमबोल्क या जुन्या सणाचाच दिवस. २०२३ पासून त्यासाठी सार्वजनिक सुट्टी मिळते. माझा मुलगा शाळेत लव्हाळ्याचा क्रॉस विणून आणतो, तो आमच्या दारावर तोरणाशेजारी लटकतोय. देवी की संत, ते कोणी विचारत नाही.

काजवा

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! मध्ये आम्ही न्यूग्रेंजचं प्राचीन थडगं बघून आलो. गोष्टींतलं दाग्दाच्या मुलाचं, एंगसचं घर, ब्रू ना बोन्या. इ. स. पू. ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे आयरिश भाषा इथे येण्याच्या कितीतरी आधीचं. १९ मीटर अरुंद वाट, दोन ठिकाणी अंग चोरून जावं लागतं. आतल्या दालनात मार्गदर्शक बाईंनी दिवे घालवले. मिट्ट काळोख. मग २१ डिसेंबरच्या सकाळी आत सूर्य कसा येतो, ते दिव्याने दाखवलं. जमिनीवर एक बारीक पिवळी रेघ सरपटत आली. लेकीने माझा हात घट्ट धरला. बाहेर उत्खननात रोमन नाणी आणि सोन्याचे दागिने सापडले होते, असं त्या म्हणाल्या. कोणीतरी तिथे वाहिलेले.

@वहीवाला, तेव्हा तुमचं देवळाचं म्हणणं पटलं.

शब्दखूण

एंगसला ते घर कसं मिळालं ठाऊक आहे का? ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावीच लागत नाही. तो मालकाकडे जाऊन म्हणतो, मला इथे दिवस आणि रात्र राहू दे. मालक म्हणतो, राहा की. दुसऱ्या दिवशी सांगतो, चल नीघ. एंगस म्हणतो, तू मला दिवस-रात्र दिलीस, आणि जग सगळं दिवस-रात्रीतच सरतं. संपलं, घर त्याचं झालं. इंग्रजीत सांगताना मध्ये व्याकरण घालावं लागतं, कारण तिथे 'एक दिवस' की 'दिवस' हे आधी ठरवायला लागतं. आयरिशमध्ये 'एक' म्हणायची सक्ती नाही, आपल्यातही नाही. 'दिवस-रात्र' म्हटलं की आपल्याला 'सतत' ऐकू येतंच.

गोष्टीच्या एका पाठात फसणारा मालक खुद्द बाप दाग्दा आहे, दुसऱ्यात दाग्दाच पोराला ही युक्ती शिकवतो.

चकली

भाडेकरू ठेवताना करार नीट वाचा, हे ५००० वर्षं जुनं आहे तर!

वहीवाला

काजवाताईंचा मूळ प्रश्न राहूनच गेला. पोथीत त्याचं एक उत्तर आहे. 'टाइन'मध्ये एक आशीर्वाद येतो, 'दे आणि अंदे यांचा आशीर्वाद तुला लाभो'. शब्दखूण सांगतीलच, हे अक्षरशः देव आणि अदेव. याचं जुनं स्पष्टीकरण असं, की त्यांच्यातले कला-विद्या जाणणारे ते देव, आणि नांगर धरणारे ते अदेव.

बांधावरून

हे काही बरोबर नाही. नांगर धरणारा अदेव?

वहीवाला

दादा, रागावू नका. मीलचे पुत्र जिंकल्यावर दाग्दाने काय केलं, बघा. त्यांचं धान्य आणि दूध नासवलं. शेवटी त्यांना त्याच्याशी सलोखा करावा लागला, तेव्हा कुठे घरात दाणा आला. आणि लूची पालक-आई टाल्त्यू तर जिंकलेल्यांपैकी नव्हेच, ती हरलेल्या फिर बोल्गांची राणी. तिने रान तोडून शेतीसाठी माळ मोकळा केला आणि त्या कष्टाने गेली. तिच्यासाठी लूने जत्रा सुरू केली. तो सण लूनसा, आणि आयरिशमध्ये ऑगस्टचं नाव आजही तेच आहे.

बांधावरून

मग ठीक. रान मोकळं करता करता गेलेली बाई माझ्या लेखी देवच. आज्जी आमची तशीच गेली.

गारवा

काजवा, लेकीच्या प्रश्नाचं माझ्या परीने सांगते. लिरची गोष्ट बरीच उशिराची, १५व्या शतकाच्या आसपासची. तोवर देवांचं बळ गोष्टीतूनही ओसरलं होतं. ईफाने उच्चारलेला शाप तिला स्वतःलाही परत घेता येत नाही. ती फक्त त्यांची वाचा आणि गाणं राहू देते. लिरला शाप काढता येत नाही, पण तो तळ्याकाठी येऊन पोरांशी बोलत बसतो. त्यांचं गाणं ऐकायला जिंकलेले आणि हरलेले दोन्हीकडचे लोक त्या काठावर मुक्काम करतात.

काजवा

काल रात्री तिला हेच सांगितलं. तिने विचारलं, "रोज यायचा?" म्हटलं, हो, रोज. थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आणि ते समुद्रात गेल्यावर?"

यावर मी काहीच बोलले नाही, नुसती थोपटत राहिले. शनिवारी वेस्टमीथला निघतोय, डेरावारा तळ्यावर. थालीपिठं बांधून घेणार आहे. आल्यावर लिहिते.